‘शहाबादी’ फरशी : व्यापारातील एका शब्दाचा अर्थ आणि वापर

घरबांधणीच्या अंदाजपत्रकात, कंत्राटदाराच्या देयकात किंवा सदनिकेच्या करारनाम्यात ‘शहाबादी’ हा शब्द वारंवार आढळतो. तो मूळचा एका गावाच्या नावावरून आला. मात्र बांधकाम व्यवसायात तो आता फरशीच्या एका प्रकाराचे नाव झाला आहे. या दोन अर्थांत अंतर आहे. ते ठाऊक नसल्यास ग्राहकाच्या मनातील फरशी आणि प्रत्यक्षात मिळालेली फरशी वेगळी ठरू शकते.

नावामागचे गाव

शहाबाद हे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहर. या जिल्ह्याचे गुलबर्गा हे पूर्वीचे नाव २०१४ मध्ये बदलण्यात आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा भाग मराठवाड्याप्रमाणेच हैदराबाद संस्थानात व नंतर त्याच नावाच्या राज्यात होता. मुंबई-चेन्नई लोहमार्ग शहाबादवरून जातो. दगडासारखा जड माल दूरवर पाठविण्यास हा मार्ग सोयीचा ठरला आणि मालाबरोबर गावाचे नावही महाराष्ट्रात रुजले.

भूशास्त्राच्या दृष्टीने ही फरशी म्हणजे चुनखडीचा दगड होय. भीमा नदीच्या परिसरात प्राचीन सागरतळावर साचलेल्या गाळापासून तो तयार झाला. त्याचे थर सपाट असल्याने खाणीतून पातळ लाद्या सहज सुटतात. रंग करडा किंवा निळसर करडा असतो.

व्यापारातील अर्थ

गावाच्या नावाने मालाचा प्रकार ओळखला जाणे नवीन नाही. ‘मंगलोरी कौल’ मंगळूरबाहेर तयार झाले, तरी त्याचे नाव तेच राहते. तसेच शेजारच्या खाणपट्ट्यांत निघणाऱ्या, दिसायला सारख्या असलेल्या करड्या फरशीलाही बाजारात अनेकदा ‘शहाबादी’ म्हटले जाते. उदाहरणार्थ, तेलंगणातील तांडूर येथील चुनखडी याच भीमा खोऱ्यातील आहे. थोडक्यात, ‘शहाबादी’ हा शब्द मालाची जात सांगतो. तो कोणत्या खाणीतून आला, याची हमी देत नाही.

‘कोटा’ आणि ‘कडप्पा’ ही नावेही अशीच रूढ झाली. कोटा फरशी राजस्थानातील रामगंजमंडीच्या परिसरातून येते आणि ती बहुधा हिरवट निळी किंवा तपकिरी असते. आंध्र प्रदेशातील कडप्पा काळसर असून स्वयंपाकाचा ओटा व मांडण्या यांसाठी अधिक वापरला जातो. तिन्ही दगड चुनखडीचेच. खाणी, रंग व पोत मात्र वेगळे.

‘रफ’ आणि ‘पॉलिश’

केवळ ‘शहाबादी’ एवढ्या उल्लेखाने व्यवहार पूर्ण होत नाही. ‘रफ शहाबाद’ म्हणजे खाणीतून निघालेल्या स्वाभाविक पृष्ठभागाची फरशी. ती अंगण, पदपथ, पायऱ्या यांसाठी वापरतात. तळघराच्या बाहेरील बाजूस किंवा न्हाणीघराच्या वरच्या फरशीखाली जलरोधक थर देतानाही तिचा उपयोग होतो. ‘पॉलिश शहाबाद’ यंत्राने घासून गुळगुळीत केलेली असते आणि ती खोल्यांमध्ये बसवितात. दोन्हींच्या दरांत व मजुरीत फरक असतो.

चुनखडी असल्याचा आणखी एक परिणाम गृहिणींच्या परिचयाचा आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा शौचालय स्वच्छ करण्याची आम्लयुक्त द्रावणे सांडल्यास फरशीवर निस्तेज डाग पडतात. दगडातील कॅल्शियम कार्बोनेटशी आम्लाचा संयोग होऊन पृष्ठभाग झिजतो. हा डाग मळाचा नसल्याने तो धुऊन जात नाही. त्यासाठी पुन्हा पॉलिश करावे लागते. म्हणून अशा फरशीसाठी साधे पाणी व सौम्य साबण हेच योग्य.

‘ब्रास’चे गणित

महाराष्ट्रात फरशीचे मोजमाप अनेक ठिकाणी ‘ब्रास’ या परिमाणात सांगितले जाते. फरशीच्या बाबतीत एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, अर्थात सुमारे ९.२९ चौरस मीटर. वाळू व खडीच्या बाबतीत मात्र तोच शब्द १०० घनफुटांसाठी वापरतात. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीला १.२ ब्रास, म्हणजे सुमारे ११.१५ चौरस मीटर फरशी लागते. कापताना वाया जाणारा भाग वेगळा. या मापात जाडीचा समावेश नसतो, हे विशेष लक्षात ठेवावे. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार मोजमापे मेट्रिक पद्धतीची असणे अपेक्षित असल्याने देयकात चौरस मीटरचा आकडा मागणे उचित ठरते.

करारात काय असावे

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार, मान्य केलेल्या तपशिलात व सुविधांच्या स्वरूपात विकासक खरेदीदाराच्या पूर्वसंमतीशिवाय बदल करू शकत नाही. मात्र या संरक्षणाचा लाभ मुळात तपशील किती स्पष्ट लिहिला आहे, यावर अवलंबून असतो. करारात नुसते ‘शहाबादी फरशी’ असे लिहिलेले असेल, तर रफ की पॉलिश, जाडी किती, खाण कोणती, हे सर्व प्रश्न अनुत्तरित राहतात.

त्यामुळे दगडाचा प्रकार, उगमस्थान, पृष्ठभाग, लांबी-रुंदी, जाडी आणि प्रति चौरस मीटर दर या सहा बाबी लेखी घ्याव्यात. चुनखडीच्या लाद्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस ११२८’ हे मानक आहे. त्याचाही उल्लेख करता येतो. पसंत केलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर दोन्ही पक्षांनी स्वाक्षरी करून तो काम संपेपर्यंत जपून ठेवावा. रंगाबाबत वाद उद्भवल्यास लेखी वर्णनापेक्षा हा तुकडा अधिक उपयोगी पडतो.