आधी बघू दे

भाताची आवणी जोरात आहे. कोसबाडच्या टेकडीखालच्या या पाड्यावर घरात मोठं माणूस सापडत नाही. सगळे गुडघाभर चिखलात. एक आजी तेवढी नातीला घेऊन अंगणवाडीत आली आहे. पोर चार वर्षांची असेल. दिवाळीनंतर आईबापांसोबत वीटभट्टीवर गेलेली, पावसाच्या तोंडाशी परतलेली. पडवीच्या खांबाला पाठ लावून ती उभी राहते. आजी दंड धरून तिला आत ढकलू बघते.

"राहू दे गं आजी," बाई आतूनच म्हणतात. "तिथून बघू दे तिला."

"पोर बोलतच नाय," आजी सांगते आणि राबायला निघून जाते.

आत मुलं चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शिंपले वेगवेगळे करत बसली आहेत. बाई मुलीला हाक मारत नाहीत, तिचं नावही विचारत नाहीत. फक्त शिंपल्यांची एक टोपली उचलून दाराच्या अलीकडे, तिचा हात पोचेल अशी ठेवतात आणि पाठ फिरवतात. मला हे पाठ फिरवणं फार मोलाचं वाटतं. नव्या मुलाकडे सगळे वळून बघू लागले की त्याचे पाय जमिनीला खिळतात. खांबाशी उभी असलेली ही मुलगी रिकामी उभी नाही. तिचे डोळे एकेका हातावरून फिरताहेत: कोण काय उचलतं, चुकलं तर बाई काय करतात, कुणाला ओरडा बसतो का. हा तिचा अभ्यासच चालू आहे.

याच परिसरात ही रीत रुजली. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. १९५७ मध्ये काम कोसबाडला आलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. महागडी साधनं बाजूला सारून त्यांनी बिया, पानं, खडे, शिंपले हाताशी घेतले. स्वस्त पडतात एवढंच त्याचं कारण मी मानत नाही. ओळखीच्या वस्तूला हात लावताना मूल बिचकत नाही.

भिंतीपाशी वेगळाच गोंधळ आहे. गेरूने सारवलेला एक पट्टा मुलांसाठी सोडलाय. करवंटीत तांदळाच्या पिठाचं पाणी, बांबूच्या काड्या. अंगणात सगळ्यात मोठ्याने ओरडणारा मुलगा इथे हात मागे बांधून उभा आहे.

"मला नाय येत."

"सोपं आहे रे" असं बाई म्हणत नाहीत. बरं करतात. सोपं असूनही जमलं नाही, तर मूल लाजेने मरतं. त्यापेक्षा न केलेलं बरं, असं ते ठरवून टाकतं. बाई एक त्रिकोण काढतात आणि काडी त्याच्या हातात देतात. त्याचा उलटा त्रिकोण वरच्या टोकाला भिडतो खरा, पण कलंडतो. माणूस वाकडा उभा राहतो.

"हा कुठे निघाला?" बाई विचारतात.

मुलगा बघत राहतो. मग म्हणतो, "आवणी करतो." आणि वाकलेल्या माणसाच्या हाताखाली भराभर रोपं काढायला लागतो. बाई पुसत काहीच नाहीत.

या मुलांना घरच्या भिंतीवरची लग्नाची चित्रं ठाऊक आहेत. ती बायका काढतात. रोजच्या रोज चित्र काढण्याची वाट वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी पाडली. १९३४ साली तलासरी तालुक्यातल्या धामणगावात त्यांचा जन्म झाला. पुढे ते डहाणूच्या कळंबीपाड्यावर राहिले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणंच सोडलं होतं, मनातलं धुळीत रेघोट्या मारून सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. खांबाशी उभ्या मुलीकडे बघताना मला ते आठवतं. न बोलणाऱ्या मुलाला घाईने बोलतं करू नये.

पाऊस उघडतो. मुलं अंगणात चिखल कालवायला धावतात. मी चहाचा कप ठेवून वळते तर खांब मोकळा. मुलगी कोपऱ्यात उकिडवी बसली आहे. तिला एक फुटका प्लास्टिकचा डबा मिळालाय. चिखल दाबून भरते, तळव्याने वरून सपाट करते, झटक्यात पालथा घालते. एक वीट. शेजारी दुसरी, मध्ये बोटभर फट सोडून. तिची ओळ सरळ आहे, हात सरावलेले आहेत. चार वर्षांच्या हातांना हे येतं, याने माझ्या पोटात तुटतं. पण तिच्यासाठी तो या अंगणातला पहिला ओळखीचा जिन्नस आहे आणि बाई तो हिरावून घेत नाहीत. शेजारी बसून त्याही डबा भरतात. त्यांची वीट फुटते.

"माझी का चिकटते गं?"

मुलगी पहिल्यांदा तोंड उघडते. "वाळू नाय लावली."

मघाचा चित्रवाला मुलगा येऊन उभा राहिलाय. त्यालाही वीट पाडायची आहे. ती त्याच्या हातातला डबा काढून घेते, आत बोट फिरवून बघते आणि कुंपणाकडे हात दाखवते.

"तिथली आण. सुकी आण."

तो पळतो. आणतो ती ओलीच. ती त्याला परत पाठवते.