गाण्याला कुलूप: समज आणि वस्तुस्थिती

ॲपलने २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. ९९ सेंट्सला मिळणारं प्रत्येक गाणं कूटबद्ध होतं आणि ते उघडण्याची किल्ली ठरावीक यंत्रांनाच मिळे. या व्यवस्थेला डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, थोडक्यात डीआरएम, म्हणतात. त्यावरून झालेल्या वादातले काही समज आजही टिकून आहेत.

गैरसमज: कुलपामुळे चोरी थांबते.

वस्तुस्थिती: तेच गाणं दुकानातल्या सीडीवर बिनकुलपाचं मिळत होतं. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी फेब्रुवारी २००७ च्या जाहीर लेखात याचा हिशेबच मांडला: २००६ मध्ये ऑनलाइन दुकानांतून कुलूपबंद गाणी विकली गेली २ अब्जांहून कमी, तर सीडींवरून बिनकुलपाची गाणी गेली २० अब्जांहून जास्त. एकाने सीडीवरून फाइल काढून इंटरनेटवर टाकली की पुढच्या कुणालाही कुलूप फोडायची गरजच नव्हती. शिवाय आयट्यून्सचं गाणं रिकाम्या सीडीवर उतरवायला ॲपलची परवानगीच होती. त्या सीडीवरून पुन्हा संगणकावर घेतलं की दर्जा थोडा घसरे, पण कुलूप गेलेलं असे. फुकट घेणाऱ्याला मोकळी फाइल मिळायची आणि पैसे मोजणाऱ्याला अटी.

गैरसमज: मग सीडीलाच कुलूप लावायला हवं होतं.

वस्तुस्थिती: तेही करून झालं. सीडीचं मानक फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० च्या सुमारास ठरवलं, तेव्हा त्यात कूटबद्धतेची सोय नव्हती. जुन्या प्लेअरवर वाजायची तर सीडीवरचं संगीत उघडंच ठेवावं लागे. त्यामुळे कुलूप म्हणजे निव्वळ संगणकाला चकवण्याच्या युक्त्या. २००२ मध्ये अशी एक युक्ती तबकडीच्या कडेला मार्कर पेन फिरवून निकामी झाली. २००३ मध्ये दुसरी एक, सीडी घालताना शिफ्टचं बटण दाबून धरलं की चालेनाशी होई.

मग सोनी बीएमजी या संगीत कंपनीने आणखी पुढे पाऊल टाकलं. सुमारे ५० अल्बमच्या सीडींमधून एक्ससीपी नावाचं सॉफ्टवेअर विंडोज संगणकात शिरत होतं आणि स्वतःला लपवत होतं. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ते उघडकीला आणलं. लपण्याची ही सोय इतकी ढिसाळ होती की व्हायरस लिहिणाऱ्यांनीही तिचा आडोसा घेतला. कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. खटले झाले, भरपाई द्यावी लागली. यात नुकसान झालं ते रीतसर सीडी विकत घेणाऱ्यांचं.

गैरसमज: ग्राहकांची दया येऊन संगीत कंपन्यांनी कुलूप काढलं.

वस्तुस्थिती: कंपन्यांचाच पाय त्यात अडकला होता. कुलपाची अट त्यांची, पण किल्ली ॲपलच्या हातात. फेअरप्ले हे आपलं तंत्र ॲपल इतरांना वापरू देत नव्हती. त्यामुळे कुलूपबंद गाणं आयपॉडवर वाजवायचं तर ते ॲपलच्याच दुकानातून विकावं लागे, आणि भावही बहुतांशी ॲपलच ठरवे. दुसरा दुकानदार उभा करायचा तर बिनकुलपाची एमपीथ्री हाच मार्ग उरला होता. ईएमआय या संगीत कंपनीने एप्रिल २००७ मध्ये पुढाकार घेतला. जानेवारी २००८ पर्यंत चारही मोठ्या कंपन्यांची मोकळी गाणी ॲमेझॉनवर आली. जानेवारी २००९ मध्ये ॲपलनेही कुलूप काढायचं जाहीर केलं, आणि त्याच वेळी कंपन्यांना हवे असलेले ६९, ९९ व १२९ सेंट्स असे तीन भाव मान्य केले.

गैरसमज: एकदा पैसे दिले की गाणं कायमचं आपलं.

वस्तुस्थिती: कुलूपबंद गाणं विकणाऱ्याचा सर्व्हर चालू असेपर्यंतच खऱ्या अर्थाने आपलं. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिक या आपल्या गाण्यांच्या दुकानाच्या ग्राहकांना कळवलं की ऑगस्टनंतर नव्या संगणकाला किल्ल्या मिळणार नाहीत. म्हणजे संगणक बदलला की विकत घेतलेली गाणी मुकी. ओरड झाल्यावर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. २००८ मध्येच याहूनेही आपलं गाण्यांचं दुकान बंद केलं आणि ग्राहकांची समजूत भरपाई देऊन काढली.

गैरसमज: २००९ नंतर डीआरएम संपलं.

वस्तुस्थिती: संपलं ते विकत घ्यायच्या गाण्यांवरचं. स्ट्रीमिंगमध्ये ते शाबूत आहे. स्पॉटिफायवर ‘डाउनलोड’ केलेलं गाणं कूटबद्धच असतं, ॲपबाहेर वाजत नाही, आणि ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडलं नाही तर बंद पडतं. आरडाओरड होत नाही, कारण इथे आपण गाणं विकत घेत नाही, भाड्याने ऐकतो. भाड्याच्या वस्तूला मुदत असणं लोकांना पटतं.

गैरसमज: कुलूप नाही, म्हणजे गाणं वाटायला मोकळं.

वस्तुस्थिती: कुलूप हे तंत्र आहे, हक्क कायद्याने येतो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, फाइल मोकळी असो वा बंद. कुलूप तोडण्याबद्दल आपला कायदा अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा सौम्य आहे. २०१२ च्या दुरुस्तीतलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. गुन्हा ठरायला तो हेतू लागतो.

म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ही कंपनी उद्या बंद पडली तर हे गाणं वाजेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ती खरेदी, ‘नाही’ असेल तर ते भाडं. भाड्यात गैर काही नाही, फक्त त्यासाठी खरेदीची किंमत मोजू नये.