झीलकऱ्याची शाळा

कला शिकायची तर गुरूच्या घरी बारा वर्षे पाणी भरावे, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. गिरणीच्या पाळीत पिचलेल्या माणसाला एवढी सवड कोठली? तरीही १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व शाहीर गवाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंचे शाळेतले शिक्षण तर नावालाच.

मग ही माणसे तयार होत कशी? शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. कोणाच्या हाती तुणतुणे, कोणाच्या हाती झांज. वरवर पाहता ते फक्त 'जी जी' म्हणत सूर ओढतात. परंतु पोवाडा पाठ होता होता श्वास कोठे घ्यावा, मध्येच गद्य कोठे आणावे, श्रोते चुळबुळू लागले की आवाज कसा चढवावा, हेही त्यांना उमगते. शाहिराचा घसा बसला की त्यांच्यातलाच एक डफ घेऊन पुढे येतो.

कारखान्यात आम्ही याच्या उलट पाहिले. जुना कारागीर मागाची खुबी हातचे राखून सांगे. नवा शिकला तर आपली भाकरी जाईल, हे त्याचे भय अगदीच खोटे नव्हते. चालीचे तसे नाही. दुसऱ्याला दिली तरी ती आपल्यापाशी उरतेच.

म्हणून लिहू पाहणाऱ्या कामगाराला आम्ही सांगतो, कवन पेटीत ठेवू नका, चाळीत वाचा. ऐकणारा जेथे अडखळेल, ती ओळ पुन्हा लिहा. शेजारच्याला लिहावेसे वाटले, तर त्यालाही ती खोडाखोड दाखवा. 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी पंधरा वर्षे अण्णा भाऊ उघड्या मैदानात श्रोत्यांसमोर उभे राहत होते.