कष्टाच्या घोड्याची रोजची निगा

रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे मोटारींना मनाई असल्याने प्रवासी व सामान यांची वाहतूक पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांच्या पाठीवरून होत आली आहे. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे डोंगरावर पोहोचली, २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक ई-रिक्षाही आल्या. तरी लाल मातीच्या वाटांवर घोड्यांच्या टापा आजही ऐकू येतात. घोडेवाल्याची बहुधा सारी मिळकत एकदोन जनावरांवरच अवलंबून असते. घोडा आठवडाभर तबेल्यात बसला की घरातील चूल मंदावते. म्हणूनच औषधोपचारापेक्षा रोजच्या निगेला अधिक मोल आहे.

घोड्याच्या दुखण्यांपैकी सर्वांत घातक ठरते ते पोटशूळ. त्याचे कारण या जनावराच्या शरीररचनेतच आहे. देहाच्या मानाने घोड्याचे जठर लहान असते, आणि त्याला ओकारी करता येत नाही. पोटात गेलेले अन्न बाधले तरी ते वरच्या वाटेने बाहेर पडत नाही. यास्तव वैरण थोडी थोडी व अनेक वेळा घालावी. चंदी एकाच वेळी भरपूर देऊ नये, तसेच कामावरून आल्याआल्या देऊ नये. घोड्याचा दम जिरू द्यावा. बुरशी लागलेले गवत कितीही स्वस्त मिळाले तरी महागच पडते. पाण्याची गरज दिवसाला सुमारे २५ ते ४० लिटर असते व उन्हाळ्यात ती आणखी वाढते. पर्यटनस्थळी रस्त्याकडेला पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या अन्नाबरोबर पोटात जातात, हा धोका तर माणसानेच निर्माण केलेला आहे.

घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहू लागला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, लोळू लागला किंवा त्याची लीद बंद झाली, तर वैरण काढून घ्यावी आणि तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. अशा वेळी तेल वा काढा बळेच पाजण्याची जुनी चाल आहे. हेतू चांगला असला तरी ते औषध श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला इजा होण्याची भीती असते.

खुरांची तपासणी कामापूर्वी व कामानंतर, अशी दोनदा व्हावी. तळव्याच्या खाचेत अडकलेला खडा वेळीच काढला नाही, तर दोन दिवसांत घोडा लंगडू लागतो. ओल्या, लिदीने भरलेल्या जागी उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या तळव्यातील मऊ त्रिकोणी भाग कुजून त्याला दुर्गंधी येते; पावसाळ्यात हा त्रास विशेष होतो. खूर सतत वाढत असल्याने नाल शाबूत दिसला तरी सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून घेणे आवश्यक असते. खिळा रुतून झालेली जखम क्षुल्लक समजू नये. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो. या रोगाची प्रतिबंधक लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित टोचून घ्यावी.

खरारा केवळ अंग चकचकीत दिसावे म्हणून करावयाचा नसतो. पाठीवरून हात फिरताना सूज, गाठ वा खोगिराने पडलेले घट्टे प्रथम बोटांनाच जाणवतात. पाठ सोलवटलेली असेल तर खोगीर चढवू नये. निरोगी घोड्याचे तापमान ९९.५ ते १०१.५ अंश फॅरनहाइट आणि विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. ही मोजमापे मालकाने स्वतः घेण्यास शिकावे.

घोडा नवा आणला असेल तर अधिक सावधपणा हवा. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथील यात्रेत दूरदूरच्या प्रांतांतून घोडे विक्रीस येतात. अशा ठिकाणाहून आणलेला घोडा दोनतीन आठवडे इतरांपासून वेगळा बांधावा. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी व त्यांतून वाहणारे व्रण ही ग्लँडर्सची लक्षणे असू शकतात. या रोगावर लस नाही, आणि तो माणसालाही होतो. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा सांसर्गिक रोगाचा संशय येताच ग्रामपंचायतीस किंवा गावातील संबंधित अधिकाऱ्यास कळविणे मालकावर बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीने ती माहिती जवळच्या पशुवैद्यकाकडे त्वरित पोहोचवावी आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत संशयित घोड्यास सार्वजनिक हौदावर पाणी पाजू देऊ नये.