गोपनीय अहवालातला जातीचा शेरा

वाशी, बेलापूर, तुर्भे भागातून कायद्याचा सल्ला घेण्यासाठी आमच्याकडे येणारे नोकरदार समाजबांधव "माझा छळ होतोय" असे पहिल्या भेटीत क्वचितच सांगतात. "साहेबांचं आणि माझं जमत नाही" असे म्हणतात. दुसऱ्या भेटीत कळते की सहा महिन्यांपासून टेबलावर एकही फाईल आलेली नाही. तिसऱ्या भेटीत कळते की टेबलच रेकॉर्ड रूमच्या दारात नेऊन ठेवले आहे. आणि मग हळूच, "कोट्यातले लोक असेच" हे वाक्य बाहेर पडते. तोवर प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध निवेदन देण्याची मुदत निघून गेलेली असते.

छळाची ओळख पटायला एवढा वेळ लागतो, कारण शिकलेल्या जातीयवाद्याने शिवी सोडून दिली आहे. तो मेमो देतो. पाच मिनिटे उशीर झाला की आपल्या माणसाला मेमो आणि शेजारच्या टेबलाला चहा. बैठकीची सूचना सर्वांना जाते, एकालाच जात नाही. रजेचा अर्ज महिनाभर पडून राहतो. दोन माणसांचे काम एकाच्या गळ्यात मारायचे आणि ते पुरे झाले नाही म्हणून कार्यक्षमतेवर बोट ठेवायचे. किंवा कामच द्यायचे नाही आणि वर्षाअखेरीस "काम करण्याची वृत्ती नाही" असे लिहायचे. कडक साहेब वेगळा आणि छळणारा साहेब वेगळा. कडक साहेबाचा नियम सगळ्या टेबलांना सारखा असतो. हा फरक आमच्या लोकांनी आधी नीट तपासावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो; कारण प्रत्येक मेमो म्हणजे अ‍ॅट्रॉसिटी नव्हे आणि तसे म्हणत सुटलो तर खऱ्या प्रकरणाची धार जाते.

हा जाच आजचा नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली फेकत. कचेरीत प्यायचे पाणी मिळत नव्हते, शहरात राहायला जागा मिळत नव्हती. पदाने शिपाई खाली होता, जातीने तो स्वतःला वर समजत होता. म्हणजे कामाच्या ठिकाणचा छळ वरून खालीच होतो, हे पुस्तकी गृहीतकच आपल्या बाबतीत लागू पडत नाही. आज आपला माणूस विभागप्रमुख झाला तरी हाताखालचे लोक त्याची फाईल अडवतात, हे कोणत्याही मोठ्या कचेरीतल्या मागासवर्गीय अधिकाऱ्याला विचारून पाहा.

आता कराडचे प्रकरण. ते संपूर्ण देशाने ऐकले, पण ते मुळात एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालाचे प्रकरण होते, हे अनेकांच्या लक्षात राहिले नाही. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात अनुसूचित जातीचा एक भांडारपाल होता. त्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात दोन वरिष्ठांनी सचोटी आणि चारित्र्याविषयी प्रतिकूल शेरे मारले. त्याने २००६ साली अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. त्या दोघांवर खटला चालवण्याची परवानगी वरिष्ठ कार्यालयाने २०११ साली नाकारली. मग परवानगी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावरही २०१६ साली गुन्हा दाखल झाला. तो रद्द करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नकार दिला, आणि तो अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेला. हेच ते सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य प्रकरण.

२० मार्च २०१८ रोजी निकाल आला. शासकीय नोकराला अटक करायची तर नियुक्ती प्राधिकाऱ्याची परवानगी घ्या, गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल, अटकपूर्व जामिनाला सरसकट बंदी नाही. एका भांडारपालाच्या शेऱ्यापासून निघालेली वाट देशभरातल्या दलित-आदिवासींच्या संरक्षणाच्या मुळावर येऊन थांबली. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये समाज रस्त्यावर उतरला, माणसे जिवानिशी गेली. त्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कायद्यात कलम १८-अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचेच ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरवले. आज गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची आणि अटकेसाठी वरिष्ठांच्या मंजुरीची अट नाही. ठाण्यात "आधी चौकशी करतो" म्हणून परत पाठवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला हे कलम शांतपणे दाखवावे.

पण कायद्यातली खाचही माहीत हवी. कलम ३(१)(र) आणि (स) यांना अपमान "सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी" झालेला लागतो. तामिळनाडूतल्या एका महसूल निरीक्षकाला त्याच्याच कार्यालयात येऊन जातिवाचक शिवीगाळ केल्याची तक्रार होती. घटना चार भिंतींच्या आत घडली, सहकारी नंतर आले, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२५ रोजी ते प्रकरण रद्द केले. आमचे मत विचाराल तर कार्यालयात घडणारा अपमान बहुतेक वेळा केबिनचे दार लावूनच होतो, आणि कायद्याची ही व्याख्या त्या दाराबाहेरच थांबते. ती बदलण्याची मागणी संघटनांनी लावून धरायला हवी. तोपर्यंत साहेबाने केबिनमध्ये बोलावले तर शक्य तेव्हा सहकाऱ्याला बरोबर न्यावे, आणि बाहेर आल्यावर त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहून ठेवावे.

लिहिणे हेच आमच्या लोकांना जड जाते. तोंडी सांगून येतात. तोंडी तक्रारीला आवक क्रमांक नसतो आणि आवक क्रमांक नसलेली तक्रार कोर्टात जन्मालाच येत नाही. अर्ज साध्या भाषेत द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. स्वतःचा गोपनीय अहवाल मागा. देव दत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतिकूलच नव्हे तर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्या प्रकरणात गाडी अडली होती "चांगला" या शेऱ्यावर, कारण बढतीसाठी "अतिशय चांगला" लागत होता! गोड शब्दाने गळा कापण्याची ही सरकारी रीत. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केले. अहवाल मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आहे. तक्रारीची चौकशी करताना घटनेच्या कलम ३३८ खाली त्याला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. महिलेच्या लैंगिक छळाची बाब असेल तर २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार गेली पाहिजे.

मुदत सांभाळण्याइतकेच माणूस सांभाळणेही महत्त्वाचे आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी, जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजाची. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीवरून छळाचा आरोप ठेवून आरोपपत्र दाखल झाले. न्यायालय काय ते ठरवील. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून होता, अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ पासून होता. तिच्याकडे पदवी होती, आरक्षणाने मिळालेली हक्काची जागा होती. घरच्यांना ती त्रास सांगत होती. नव्हता तो रुग्णालयाच्या आत तिच्या बाजूने उभा राहणारा एक माणूस.

हा माणूस कुठे असायला हवा होता, हा प्रश्न आम्ही आमच्याच मागासवर्गीय कर्मचारी संघटनांना विचारतो. १४ एप्रिलला व्यासपीठ, फुले, शाल, साहेबांचा सत्कार, हे सगळे व्यवस्थित होते. पण टेबल हलवलेल्या कारकुनाबरोबर आस्थापना शाखेत जायला संघटनेचे दोन पदाधिकारी मिळत नाहीत, कारण त्यांचीही बढती त्याच साहेबाच्या सहीवर असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंत्राटी सफाई कामगाराची तर कोणत्याच संघटनेत नोंद नसते. त्याला गोपनीय अहवाल नाही, मेमो नाही. मुकादम "उद्यापासून येऊ नको" म्हणतो, संपले. कायम नोकरीतल्या आमच्या बांधवांनी महिन्यातली एक संध्याकाळ बुद्धविहारात बसून आपल्या कचेरीतल्या आणि आपल्या वस्तीतल्या अशा माणसांचे अर्ज लिहून द्यावेत. टायपिंग येणारे आहेत, नियम माहीत असलेले आहेत, निवृत्त अवर सचिवसुद्धा आहेत. वकिलाची फी त्यानंतरची गोष्ट आहे, आणि पहिल्या अर्जासाठी आम्ही ती घेत नाही.