पातळ सालीचं द्राक्ष

बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या पायथ्याशी, दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला, फेब्रुवारीत पहाटे स्वेटर लागतो आणि अकराला शर्ट पाठीला चिकटतो. कंवल ग्रोव्हर यांनी 1988 साली इथे फ्रेंच जातींची बाग उभी केली. त्यांची ‘ला रिझर्व्ह’ ही रेड वाईनही पातळ सालीच्या पिनो न्वार द्राक्षाची नाही, कॅबर्नेट-शिराझची आहे, दोन्ही जाती ऊन सोसणाऱ्या.

बागेत तासगावकडचे एक छाटणीवाले काका भेटले. पिनोचं नाव काढताच म्हणाले, “घड गच्च, साल पातळ. मधला एक मणी फुटला की आख्खा घड गेला.” एप्रिलची खरड छाटणी, पाऊस ओसरताना गोडी छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी, हे इथलं वेळापत्रक. खरी गोम त्यातच आहे. फ्रान्सच्या बर्गंडीत पिनो पिकते तेव्हा सप्टेंबर गारठत जातो. इथे दिवस रोज तापत जातात. साखर झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो आणि सुगंधाला वेळच मिळत नाही. डोंगराच्या उंचीमुळे रात्र गार होते, दुपार मात्र होत नाही.

संध्याकाळी इंदिरानगरात मित्राकडे ऑस्ट्रेलियाच्या यारा व्हॅलीतली पिनो उघडली. पेला वर्तमानपत्रावर धरला तर मथळा वाचता आला. पिनो इतकीच फिकट हवी. स्वस्त बाटलीत गडद जांभळा रंग दिसला तर मला शंका येते. ऑस्ट्रेलियात लेबलवर पिनो एवढंच लिहून 15 टक्क्यांपर्यंत दुसरी जात मिसळता येते. आमच्या पेल्यात आधी चेरी, मग बीट उकडताना येतो तसा मातकट वास. पहिल्या घोटाला मात्र नुसतं अल्कोहोलच नाकात गेलं. बंगळूरच्या खोलीत ती गरमच होती. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवल्यावर कुठे चव जागेवर आली.

किमतीचा विषय निघणारच. वाईनवरचं सर्वसाधारण आयात शुल्क 150 टक्के. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या, 29 डिसेंबर 2022 पासून लागू असलेल्या करारात ते कमी झालं, पण किमान 5 अमेरिकी डॉलर आयातमूल्याच्या बाटल्यांवरच. म्हणजे तिथली खरी परवडणारी पिनो सवलतीबाहेरच राहिली!

मला विचाराल तर नंदीच्या उतारावर पिनो लावायचीच, तर ती स्पार्कलिंग वाईनसाठी. त्या वाईनला कमी साखर आणि भरपूर आंबटपणा हवा, त्यामुळे घड उन्हाळा चढण्याआधीच तोडता येतात. रंग नकोच असतो, म्हणून पातळ सालीची तक्रारही उरत नाही. फेसासाठी बाटलीतलं दुसरं आंबवणं आलं की ती स्वस्त पडणार नाही, हे वेगळं.