नऊशे स्प्रिंगा आणि एक ‘एल’

‘नऊशेच्या नऊशे पास झाल्या, एकही लाल नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं,’ ताई म्हणाल्या.

हे वाक्य मी आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. ताई स्प्रिंगा तपासतात त्या यंत्राचा प्रोग्राम ज्यांनी लिहिला, ते माझ्या ओळखीचे. त्यांनी सांगितल्यापासून ते डोक्यातून जाईना, म्हणून मी भोसरी एमआयडीसीतल्या ताईंच्या छोट्या युनिटमध्ये गेले. गुरुवारी तिथे सुट्टी असते, म्हणून शुक्रवारी.

शेडमध्ये शिरताच तेलाचा वास येतो. गंज लागू नये म्हणून स्प्रिंगा तेलात बुडवून काढतात. तो वास बोटांना चिकटतो आणि घरी जाऊन भांडी घासली तरी जात नाही, असं ताई सांगत होत्या. कीबोर्डवर प्लॅस्टिकचं आवरण आहे, तेही तेलाने पिवळं पडलंय.

काम असं. स्प्रिंग ठेवायची, हँडल ओढायचं, ठरलेल्या लांबीपर्यंत दाबली की लोडसेल तिचा जोर न्यूटनमध्ये सांगतो. पडद्यावर हिरवं किंवा लाल. शिफ्टला नऊशे, म्हणजे एकीला बत्तीस सेकंद, त्यात चहाही आला. माल चाकणला जातो.

पार्ट बदलला की पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावी लागते: प्रोग्रामचं नाव, पार्ट नंबर, खालची मर्यादा, वरची मर्यादा. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामच्या हाती ही ओळ चिठ्ठीसारखी पडते. चिठ्ठीत किती शब्द आहेत ते ‘आर्गसी’ सांगतो आणि शब्द ‘आर्गव्ही’त ओळीने लागलेले असतात. पहिला शब्द बहुधा प्रोग्रामचं स्वतःचंच नाव. नदी ओलांडल्यावर स्वतःला मोजायला विसरलेल्या दहा जणांची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. इथे उलटं आहे, मोजणारा आधी स्वतःला मोजतो. म्हणून ताई तीन गोष्टी देतात आणि प्रोग्रामला चार दिसतात. पार्टच्या नावात मोकळी जागा सोडली की नावाचे दोन तुकडे होऊन पाच दिसतात. म्हणूनच तिथे सगळे पार्ट नंबर सलग लिहिलेत.

चार शब्द आहेत ना, एवढं तो जुना प्रोग्राम तपासत होता. शब्दांत काय आहे, ते मात्र नाही.

सगळ्या पास झाल्या त्या दिवशी यंत्र लावून देणारा सेटर रजेवर होता. ताईंनी वरचा बाण दाबून आधीची ओळ आणली आणि पार्ट नंबर, मर्यादा बदलल्या. खालची मर्यादा १२० हवी होती. ताई दहावीनंतर टायपिंगच्या क्लासला जात. तिथलं इंग्रजी यंत्र जुनं होतं, आणि जुन्या अनेक यंत्रांवर एकाची वेगळी कळच नसे. लहान लिपीतला एल दाबायचा, कागदावर तो एकासारखाच उमटे. बोटांनी तेच केलं. चिठ्ठीत १२० ऐवजी एल, दोन, शून्य गेलं.

सी भाषेत अक्षरांचा आकडा करणारं ‘एटूआय’ नावाचं फंक्शन आहे. सुरुवातीलाच आकडा सापडला नाही तर ते शून्य देतं. तक्रार नाही, इशारा नाही. आणि कुणी खरोखर शून्य लिहिलं तरीही शून्यच, त्यामुळे दोन्हींतला फरक कळायला मार्ग नाही. खालची मर्यादा शून्य झाली. मग कितीही सैल स्प्रिंग असो, ती शून्यापेक्षा जोरदारच. नऊशेच्या नऊशे हिरव्या.

दोन दिवसांनी चाकणहून फोन आला. नऊशे परत आल्या, नऊशे पुन्हा तपासल्या, मोजक्याच सैल निघाल्या. अहवालात कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं: ऑपरेटरची चूक.

मला ते वाचून राग आला, अजूनही आहे. दिलेला आकडा आकडाच आहे का, हे विचारणं यंत्राचं काम होतं. बत्तीस सेकंदांच्या तालावर चालणाऱ्या हातांचं नव्हे. प्रोग्राम लिहिणारे गृहस्थही तेच म्हणाले. ‘चूक माझी होती. पण फॉर्मवर माझ्यासाठी रकाना नाही.’

अशी चूक करणारे ते एकटे नाहीत. लिनक्सच्या बहुतेक प्रमुख वितरणांत ‘पीकेएक्झेक’ नावाचा प्रोग्राम असतो. तो धरून चालला होता की चिठ्ठीत निदान आपलं नाव तरी असणारच. चिठ्ठी मुळातच रिकामी दिली की तो शेजारच्या स्मृतीतलं वाचू लागे, आणि साध्या वापरकर्त्याला साऱ्या यंत्राचा ताबा मिळवता येई. २००९ पासूनची ही फट २०२२ च्या जानेवारीत क्वालिसच्या संशोधकांनी जाहीर केली. बारा वर्षं जगभरातल्या जाणकारांच्या नजरेतून जे सुटलं, त्याच जातीची चूक भोसरीत एका बाईच्या नावावर लागते.

भोसरीच्या नव्या प्रोग्राममध्ये आता एटूआयऐवजी ‘एसटीआरटूएल’ आहे. ते आकडा देतं आणि वाचन कुठे थांबलं तेही दाखवतं. पहिल्याच अक्षराला थांबलं तर आकडा नव्हताच. मध्येच थांबलं तर पुढे कचरा आहे. आकडा दहाच्या पायाने वाचा, हेही त्याला बजावलंय. पाया शून्य ठेवला तर पुढे शून्य असलेला आकडा ते आठाच्या पायाने वाचतं, आणि कागदावरच्या ०५० चे चाळीस होतात. तिथल्या मर्यादांच्या कागदावर सगळे आकडे तीन अंकीच लिहितात, म्हणून हे महत्त्वाचं.

ताईंनी मला दाखवायला मुद्दाम एल दाबला. काळ्या खिडकीत देवनागरी नीट उमटत नाही, म्हणून इंग्रजी लिपीत पण मराठीत ओळ आली: खालची मर्यादा आकडा नाही, पुन्हा लिहा.

‘हे आधी बोललं असतं तर,’ त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मग एल खोडून त्यांनी एक दाबला, कागदाशी बोट लावून ताडून पाहिला, आणि तेलातली पहिली स्प्रिंग उचलली. अजून आठशे नव्व्याण्णव होत्या.